पाळणा, पाणी आणि बारा महिने

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी गावच्या इतिहासावर काही लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. राळेगणसिद्धीचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. बांध किती घातले, विहिरींना पाणी किती चढले, कोणते पाहुणे कधी येऊन गेले, हे सारे कागदोपत्री आहे. पण त्याच वर्षांत ह्या गावच्या घराघरांत पाळणे हलत होते, मुले रांगत होती, दात येताना रात्र रात्र जागवीत होती. आणि आई कामाला गेली म्हणजे त्यांना सांभाळायचे कोणी, हा प्रश्न दर ऋतूत नव्याने उभा राहत होता. त्याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणून भगिनींनो, बांधांचा इतिहास ज्यांचा त्यांच्याकडे ठेवून मी हा कडेवरच्या मुलांचा इतिहास लिहायला घेतला आहे.

आपला पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, आणि तोही पाहुण्यासारखा. आला तर आला. खरिपाची बाजरी, तिच्यात मूग-मटकी-हुलगा, आणि रब्बीची ज्वारी एवढाच पूर्वी शेतीचा संसार. मी ह्या गावी सून म्हणून आले ती १९७३ साली, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या लागोलागच. १९७२ चा दुष्काळ हा एका वर्षाचा नव्हता. त्याच्या आधीची दोन वर्षेही पावसाने दगाच दिला होता. सासूबाई त्या दिवसांचे फारसे बोलत नसत. बोलल्या म्हणजे दोनच शब्द यायचे, मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटे आणि मुलांच्या घशाखाली उतरत नसे. सुकडीवर मात्र मुले जगली.

सासूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. अंगावरचे मूल घरी कोणाजवळ ठेवायचे? ते बरोबरच जाई. लाकडांच्या तिकाटण्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, डोळ्यांत कच जाऊ नये म्हणून वरून फडके टाकायचे आणि दगडांच्या ढिगाशी बसायचे. झोळीला झोका देणारी होती माझी नणंद, वय वर्षे नऊ. तिच्या पाठची चार भावंडे तिने आळीपाळीने कडेवर वागवली. ती तिसरीत होती, म्हणजे तिचे नाव हजेरीपटावर तिसरीत होते. गावात शाळा १९३२ पासून आहे. पण १९७१ च्या शिरगणतीच्या वेळी सुमारे बाराशे वस्तीच्या ह्या गावात लिहिता-वाचता येणारे शंभरांत तीसच होते. मुलगे पुढच्या शिक्षणासाठी शिरूरला नाहीतर पारनेरला जात. मुलींची शाळा प्राथमिकलाच संपे, आणि कित्येकींची तर घरात पुढचे बाळ जन्मले की त्याच दिवशी संपे.

कामाच्या जागी मुलांची सोय व्हावी, ही गोष्ट पुढे सरकारनेही मान्य केली. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामावर सावली, पिण्याचे पाणी आणि लहान मुलांना सांभाळण्याची व्यवस्था असावी असे त्या योजनेत होते. देशासाठी २००५ साली जो कायदा झाला, त्यातही सहा वर्षांखालची पाच मुले कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी असे म्हटले आहे. कागदावर हे फार चांगले. मी ज्या दोन-चार कामांवर गेले तिथे सांभाळणारी बाई कधी दिसली नाही. सांभाळणारी मुलगी मात्र प्रत्येक ठिकाणी दिसे.

उन्हाळ्याचे दिवस आजच्या सुनांना सांगून खरे वाटायचे नाहीत. चैत्र लागला की गावच्या विहिरी तळाला जात. पाडव्याला मुलाच्या गळ्यात साखरेची गाठी घालायची, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून पाण्याला निघायचे. डोक्यावर हंडा असला की मूल कडेवर घेता येत नाही. दोन्ही घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण उतारावर पाय घसरला की आधी काय सोडायचे हे त्यांना ठरवावे लागे. म्हणून मूल झोपेत असतानाच निघायचे. परत येईपर्यंत ते उठून उंबऱ्यात रडत बसलेले असे. अंघोळ एक दिवसाआड, तीही परातीत, म्हणजे ते पाणी पुन्हा म्हशीच्या कामी येई. लंगोट धुवायला वेगळे पाणी ही चैनच होती.

किसन बाबुराव हजारे, म्हणजे आपले अण्णा, लष्करातून गावी परतले ते १९७५ साली. यादवबाबांच्या देवळाची दुरुस्ती, दारूबंदी, श्रमदान हा क्रम सर्वांना पाठ आहे. गावात तीस-चाळीस दारूच्या भट्ट्या होत्या असे सांगतात. दारू बंद करताना पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलेही गेले; ती रीत बरोबर की चूक ह्यावर तेव्हाही दोन मते होती व आजही आहेत. मला तर मार पटला नाही. पण एक सांगते: संध्याकाळी बापाच्या पावलांचा अंदाज घेत मुले पांघरुणात तोंड लपवीत, ते पुढे थांबले. हे कोणत्याही अहवालात आलेले नाही.

सरकारी पाझर तलाव आधीचाच होता, पण तो गळत होता. गावाने श्रमदानाने त्याचा बांध दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिले. मग नालाबंडिंग, समपातळीचर, झाडे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री भाषणांतून इतकी ऐकली आहे की तिचा घरातला अर्थ कोणी विचारीत नाही. चराईबंदी झाली म्हणजे शेळ्यांमागे हिंडणारी पोरे मोकळी झाली, पण गोठ्यात बांधलेल्या जनावराला चारा कापून आणायचे काम बाईच्या डोक्यावर आले. कुऱ्हाडबंदीने सरपण आटले. पुढे गोबरगॅस आला तेव्हा चुलीच्या धुराने बाळाचे डोळे चुरचुरायचे कमी झाले. आणि नसबंदी! तिने चौथा-पाचवा पाळणा थांबवला. तो भारही बहुतेक घरांत बाईनेच उचलला, हे लिहून ठेवायला हरकत नसावी.

पाऊस पडला की मुलांचे दिवस पालटत. मृगाचे पहिले पाणी अंगणात साचले की त्यात बसायचे, मार खायचा आणि पुन्हा बसायचे. आषाढ-श्रावणात बाजरीच्या खुरपणीला बायकांची पात लागे. तान्हे मूल बांधावर पाटीत नाहीतर बाभळीच्या झोळीत. प्रत्येकीचे कान तिकडे. रडण्याच्या आवाजावरून आपले कोणते हे पातीतली प्रत्येक बाई ओळखी, आणि जी जवळ असेल ती दुसरीचेही पदराखाली घेई. पंचमीला झोका बांधला जाई. त्या दिवशी जमीन खणायची नाही, चिरायचे नाही, म्हणून वर्षातून एक दिवस तरी आई मुलांच्या हाती रिकामी सापडे. माझ्या मुलांना दिवाळीपेक्षा पंचमी अधिक आठवते, ते बहुधा म्हणूनच.

दिवाळीविषयी काय सांगायचे! किल्ला, मातीचे मावळे आणि फटाक्यांवरून भांडणे, हे सगळीकडे सारखेच. घटस्थापनेला मात्र पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरायचे आणि नऊ दिवस मुलांनी त्याला पाणी घालायचे, हा खेळ मला देवधर्माइतकाच शेतीचा पहिला धडा वाटत आला आहे. पाण्याच्या गावात मुले त्या घटाला तांब्याभर पाणी ओततात. आम्ही त्यांना चमच्याने घालायला शिकवीत होतो.

हिवाळा हा लेकरांचा ऋतू. पौष-माघात ज्वारी हुरड्याला येई. शेणीच्या आरावर कणसे भाजायची, तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि पहिली चिमूट दोन-चार दात आलेल्या बाळाच्या तोंडात. संक्रांतीला भोगीची बाजरीची तीळ लावलेली भाकरी, आणि रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळे कपडे, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे. आमच्या वेळी हलवा नव्हताच. बोरे बांधावरची आणि घाटे उसने आणलेले. पण भोवती लुटायला जमलेली पोरे तेवढीच होती, आणि मधोमध बसलेले बाळ आजच्यासारखेच घाबरून रडत होते.

ह्याच दिवसांत माझ्या हातून एक चूक घडली, ती इथे लिहिल्यावाचून हा इतिहास खरा होणार नाही. विहिरीला पाणी राहू लागल्यावर आमच्याकडे कांदा आला. पाण्याने सुख आणले हे खरे, पण पूर्वी माघानंतर जे शेत रिकामे असे त्यात आता रोपे लावायची, खुरपायची, काढायची, आणि हे सारे वाकून करायचे काम बायकांचे. धाकटा सहा महिन्यांचा होता. मी थोरल्या मुलीला शाळेतून काढून घरी बसवले. दहा वर्षांची ती. "एवढा कांदा निघेपर्यंत," असे मी तिला म्हणाले. कांदा निघाला, मग बाजरीची पेरणी आली. वर्ष गेले. दुष्काळाने नणंदेच्या कडेवर मूल दिले होते. माझ्या मुलीच्या कडेवर ते सुकाळाने दिले.

तिला सोडवले ते दोन गोष्टींनी. एक, १९७९ साली गावात संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ उभे राहिले आणि पुढे गावातच माध्यमिक शाळा झाली. मुलीला शिरूरला कोण पाठवणार, हे उत्तर मग कोणाला देता येईना. दुसरी गोष्ट दिसायला लहान, ती म्हणजे बालवाडी. धाकटा चालायला लागल्यावर मी त्याला तिथे नेऊन बसवले आणि थोरलीला पुन्हा पाटी-दप्तर दिले.

बालवाडी हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यामागे फार मोठी खटपट आहे. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी परदेशी साधने नकोत. शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने, असा त्यांचा बाणा. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी म्हणून त्या पाड्यांवर गेल्या, आणि अंगणवाडी निघाली. लहान भावंडांना सांभाळायचे म्हणून मोठी मुले शाळेत येत नाहीत, हे त्यांनी तिथे पाहिले होते आणि पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र आणून त्यावर तोड काढली होती. म्हणजे माझ्या नणंदेचे उत्तर कोसबाडला तयार होते. आमच्या माळावर पोचायला त्याला वेळ लागला, इतकेच. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

आता एक तक्रार. पाण्याबरोबर गावात दूध वाढले. सकाळ-संध्याकाळ किटल्या संकलन केंद्रावर जातात, पैसा येतो, त्यात काही वाईट नाही. पण किटली भरताना घरातल्या मुलाचा पेला आधी भरावा की उरले तर भरावा, ह्याबद्दल आपल्या हळदीकुंकवाला मी विचारले तेव्हा निम्म्या जणी हसल्या आणि निम्म्या गप्प बसल्या.

अशा इतिहासाला साधने कोणती, असे कोणी विचारील. जात्यावरच्या ओव्या हे एक साधन होते. साने गुरुजींनी त्या गोळा केल्या, आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवँ ह्यांनी खेडोपाडी हिंडून लाखावर ओव्या नोंदवल्या. त्यांत तान्ह्या बाळाच्या ओव्या कितीतरी आहेत. आपल्या गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेची दीड-दोन तासांची झोप बायकांना मिळाली. त्या झोपेच्या मोबदल्यात ओव्या गेल्या, आणि ती झोप परत द्यायला मी तरी तयार नाही. म्हणून मंडळाच्या खोलीत कपाटावर दोनशे पानी वही ठेवली आहे. ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहावे, ज्यांना येत नाही त्यांनी सांगावे, कोणीतरी उतरून घेईल. बाळंतपण कोणत्या ऋतूत झाले, मूल कोठे निजवले, कोणी सांभाळले, एवढे आले तरी पुरे.

पहिले पान माझ्या नणंदेचे आहे. तिने चारही भावंडांची नावे सांगितली आणि प्रत्येकापुढे ते किती महिने तिच्या कडेवर होते ते सांगितले. मी बेरीज करून खाली लिहू का म्हणून विचारले, तर ती म्हणाली, "राहू दे, पोरं मोठी झाली."