कृश प्रकृति आणि मधुमेहाचें गणित

मधुमेह म्हणजे गादीवर बसून खाणारांचा रोग, ही समजूत आपल्या समाजांत खोल रुजली आहे. भंडारा जिल्ह्यांत धानाच्या बांधींत राबणाऱ्या सडपातळ शेतकऱ्यास हा विकार जडावा, हें सहसा कोणास पटत नाहीं. वास्तविक सुश्रुतानें प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद करून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा बहुधा स्थूल असतो, असें सांगितलें होतें. आजचे भेद हेच होत, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कृश माणसासही हा रोग होतो, ही जाणीव जुनी आहे. उणीव होती ती मोजमापाची. तें पुण्यास कसें घडलें, तें येथें सांगावयाचें आहे.

के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांचा अभ्यास आरंभिला. जन्मलेल्या अर्भकांची तुलना इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील अर्भकांशीं करून २००३ सालीं ती प्रसिद्ध झाली. आपल्या अर्भकाचें सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्याचें ३.५ किलो. आपलें मूल उंचीनें, स्नायूंनीं, पोटाच्या घेरानें उणें भरलें. मात्र खांद्याच्या फऱ्यामागील कातडीखालची चरबी त्या मानानें फारच थोडी घटलेली! म्हणजे दिसावयास रोड, पण अंगीं मेद धरून असलेला हा देह. पुढच्याच वर्षीं डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनीं स्वतःचींच शरीरें मोजलीं. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही २२.३, परंतु चरबी इंग्रजाच्या देहांत शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या देहांत शेंकडा २१.२. एकाच मापाचे दोन देह आंतून किती निराळे असूं शकतात, हें याहून सोप्या रीतीनें क्वचितच कोणीं दाखविलें असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनींही २००४ सालीं आशियाई लोकांसाठीं २५ ऐवजीं २३ या अंकापासूनच सावध व्हावें, असें सुचविलें.

आतां यापुढचा प्रश्न अधिक बिकट. ज्या मातांच्या रक्तांत ब-१२ हें जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीं इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ति सर्वांत अधिक आढळली, असें याच मंडळींनीं २००८ सालीं दाखविलें. पण दोन गोष्टी जोडीनें आढळल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. मातेचें दारिद्र्य, श्रम, आहार, अशीं दुसरींही कारणें आड लपलेलीं असूं शकतात. तीं वेगळीं काढण्याचा मार्ग एकच: कोणास औषध द्यावयाचें हें वैद्याच्या मर्जीवर न सोडतां जणूं चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें. ब्रिटनमध्यें १९४८ सालीं स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा अशी झाली, तेव्हां सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ क्षयरोग्यांपैकीं ४, तर न मिळालेल्या ५२ पैकीं १४ दगावले. मधुमेहांत याच रीतीनें १९७० सालीं अमेरिकेंत खळबळ उडविली. टोल्ब्युटामाइडनें साखर उतरे. पण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानें तें घेणाऱ्या २०४ पैकीं २६, तर नुसती पोकळ गोळी घेणाऱ्या २०५ पैकीं १० जण मेले. हा वाद वर्षानुवर्षें चालला. पुढें १९९८ सालीं ब्रिटनमधील मोठ्या परीक्षेंत त्याच वर्गांतील इतर गोळ्यांनीं मृत्यु वाढल्याचें दिसलें नाहीं. एका परीक्षेनें शंका उठावी, दुसरीनें ती तपासावी, हाच या शास्त्राचा क्रम होय.

पुण्याच्या संशोधकांनीं हाच मार्ग धरला. ज्यांच्या माता १९९३ पासून पाहिल्या गेल्या, त्या मुलामुलींनाच २०१२ पासून लग्नापूर्वीं, चिठ्ठीच्याच न्यायानें, कोणास ब-१२ युक्त तर कोणास पोकळ गोळी देण्यांत आली. आणि परिणाम पाहावयाचा तो त्यांच्या पोटीं येणाऱ्या बालकांत. एका प्रश्नासाठीं दोन पिढ्यांची वाट पाहणारें हें धैर्य आम्हांस विशेष वंद्य वाटतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणनेंत भारतांतील मधुमेही दहा कोटींवर निघाले. अशा देशानें परक्या देहांवर बेतलेलें माप डोळे मिटून वापरणें धोक्याचें आहे. सडपातळ आहे म्हणून आपला मनुष्य निर्धोक समजूं नये. आणि गुण आल्यासारखा वाटतो म्हणून औषध सिद्ध समजूं नये. हीं दोन पथ्यें घरोघर पाळलीं गेलीं, तर पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांचे श्रम सार्थकीं लागले असें होईल.