उष्टावणाआधीचे बसणे : मिरज परिसरातील बाळाच्या वाढीचे संस्कार

मिरज परिसरात बाळाची वाढ कशी जोखली जात असे आणि त्याला पहिले अन्न केव्हा दिले जात असे, याचा इतिहास मांडताना एक अडचण प्रथमच ध्यानात घ्यावी लागते. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बाळांना न्हाऊमाखू घातले आणि कोणते मूल कधी पालथे पडले हे तोंडपाठ ठेवले, त्यांनी त्याविषयी जवळजवळ काहीच लिहून ठेवले नाही. लिहून राहिले ते पुरोहितांचे विधी, वैद्यांचे नियम आणि पुढे डॉक्टरांच्या नोंदी. सुदैवाने कृष्णाकाठच्या या गावात ब्राह्मण, मराठा, जैन, लिंगायत आणि मुसलमान वस्ती शतकानुशतके एकमेकांच्या शेजारी नांदत आली असल्यामुळे, निरनिराळ्या परंपरांचे ग्रंथ शेजारी ठेवून वाचले तर बायकांच्या त्या अलिखित जाणकारीचा पुष्कळसा अंदाज करता येतो.

अन्नप्राशन, म्हणजे बाळाला विधिपूर्वक पहिला घास देण्याचा संस्कार, आश्वलायन गृह्यसूत्राने सहाव्या महिन्यात सांगितला आहे. ज्या फळाची इच्छा असेल त्यानुसार बोकडाचे किंवा तित्तिर पक्ष्याचे मांस, अथवा तूपभात द्यावा असा पर्यायही त्यात आहे. मांसाचा पर्याय पुढे ब्राह्मण घरांतून नाहीसा झाला आणि रूढ झाले ते उष्टावण : मामाच्या मांडीवर बसलेले बाळ, चांदीच्या वाटीतली खीर आणि ओठांना लागेल न लागेल असा पहिला घास. विधी पुरोहिताच्या पोथीतला असला तरी मामाचे स्थान पोथीने दिलेले नाही, ते लोकाचाराने दिलेले आहे. याच प्रसंगी बाळापुढे पोथी, शस्त्र, कारागिरीची साधने मांडून ते प्रथम कशाला हात घालते यावरून त्याची उपजीविका ताडण्याची जी चाल आहे, तिच्याविषयीची वचने बाराव्या शतकात कोकणच्या शिलाहार घराण्यातील अपरार्क या राजाने याज्ञवल्क्यस्मृतीवरील आपल्या टीकेत उद्धृत केली आहेत. शकुनाचा भाग बाजूला ठेवला, तर वस्तू पाहणे, तिच्याकडे सरकणे आणि ती मुठीत धरणे या तिन्ही गोष्टींची ती परीक्षाच होती.

खरा प्रश्न मात्र महिन्याचा नसून लक्षणाचा आहे. काश्यपसंहिता हा बालरोगांचा प्राचीन ग्रंथ अन्नाआधी उपवेशन, म्हणजे बाळाला जमिनीवर बसवण्याचा विधी सांगतो, सहाव्या महिन्यात फळांचा रस चाटवायला परवानगी देतो आणि धान्याचे अन्न दात आल्यावर अथवा दहाव्या महिन्यात द्यावे असे सुचवतो. दक्षिण महाराष्ट्रातील जैनांना आदरणीय असलेल्या, नवव्या शतकातील जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात गृहस्थाच्या क्रियांची जी मालिका आहे, तिच्यात निषद्या, म्हणजे बाळाला आसनावर बसवणे, ही क्रिया अन्नप्राशनाच्या आधी येते. दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींचे जाफर शरीफ यांनी केलेले वर्णन हर्क्लॉट्स या डॉक्टराने इंग्रजीत आणून १८३२ साली लंडनला प्रसिद्ध केले. त्यातही बाळ दोन्ही हात लाडू वळल्यासारखे जुळवू लागले की लाडू वाटणे, पुढे खिरीसारखा पदार्थ चाटवणे आणि पहिला दात दिसला की घुगऱ्या वाटणे, असा बाळाच्या हालचालींशी बांधलेला क्रम आढळतो. या परंपरांनी एकमेकींपासून उसने घेतले की नाही, हा वाद येथे गौण आहे. मान धरून बसू न शकणाऱ्या बाळाच्या तोंडात घास घालणे धोक्याचे, हे सर्वांनाच पाहून कळलेले होते, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

दातांबाबतीत निरीक्षणाला भीतीची जोड मिळाली. वरचे दात आधी येणे काश्यपसंहितेत अमंगल मानले आहे, आणि असे झाले तर मामाला वाईट, हा समज महाराष्ट्रातील घराघरांत टिकून राहिला. उष्टावणातला मान आणि दातांतले अरिष्ट अशा दोन्ही गोष्टी एकाच नातेवाइकाच्या वाट्याला याव्यात, हा योग मजेचा आहे.

अन्नाच्या आधीच्या महिन्यांत घराघरांत राज्य असे ते बाळगुटीचे. सहाणेवर आईच्या दुधाचे किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचे दोनचार थेंब घेऊन त्यात मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, सुंठ, जायफळ, हळकुंड, अतिविष, ज्येष्ठमध, बदाम आणि खारीक एकामागून एक उगाळायची, आणि प्रत्येक वस्तूचे किती वेढे घ्यायचे हे बाळाच्या वयावर व पोटावर ठरवायचे, अशी ती रीत होती. वेढा म्हणजे सहाणेवरचा एक पूर्ण फेरा. हेच मात्रेचे माप. पोटात कळ असेल तर मुरुडशेंगेचा वेढा वाढे, जुलाब होत असतील तर जायफळाचा, आणि हा हिशेब आजीकडून सुनेकडे नुसत्या हातवळणाने जाई. गुटीच्या दोषांकडे मात्र डोळेझाक करता येत नाही : सहाण, बोटे वा पाणी अस्वच्छ असले की जंतू थेट बाळाच्या पोटात जात, गुटीत घातलेला मध वर्षाच्या आतील बाळाला घातक ठरू शकतो, आणि जन्मानंतरचे पहिले घट्ट दूध, म्हणजे चीक, पिळून टाकून मधतूप चाटवण्याची चाल तर बाळाला त्याच्या सर्वांत मोलाच्या आहारापासूनच तोडत होती.

अशा गावात विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांचे रुग्णालय १८९४ मध्ये उघडले, पुढे तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले, आणि संस्थानी मिरज आरोग्याचे गाव म्हणून दूरवर ओळखले जाऊ लागले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची त्यात भर पडली. तरीही बाळंतपण दीर्घकाळ बहुतेक घरांत सुईणीच्या हातीच राहिले. दवाखान्याने आणले ते वजनाचा काटा आणि महिन्यांचा तक्ता. हा तक्ता प्रथम परदेशी बाळांवरून बेतलेला होता. भारतीय बाळे मान कधी धरतात, कधी बसतात, कधी चालतात याची मोजदाद करण्याचे काम बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी केले आणि त्यांचा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. आजीच्या नजरेला जे दिसत होते, त्याला त्या कामाने आकड्यांत बसवले.

पहिल्या सहा महिन्यांत केवळ आईचे दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासूनची शिफारस गुटीला आणि घोटभर पाण्यालाही जागा ठेवत नाही. पण सहा महिने पूर्ण होताच आधाराने बसणाऱ्या बाळाला नाचणीचे सत्त्व, गुरगुट्या भात, वरण असे मऊ अन्न सुरू करावे, हा डॉक्टरांचा सल्ला गृह्यसूत्राच्या महिन्याच्या आणि काश्यपाच्या उपवेशनाच्या बराच जवळ येतो. २०१८ पासूनच्या पोषण अभियानात अंगणवाड्यांनी अन्नप्राशन दिवस साजरा करण्याची पद्धत पाडली आहे. तेथे बाळ मामाच्या नव्हे तर बहुधा आईच्याच मांडीवर बसते, वाटी स्टीलची असते, आणि घास भरवून झाल्यावर सेविका पुढच्या महिन्यात दिवसातून किती वेळा व किती वाट्या द्यायच्या ते आईला समजावते, म्हणजे वेढ्यांच्या जागी आता वाट्या आल्या आहेत.