आजुर महिन्यातला परस

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक जुने कागद वाचून घ्यायला येतात. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले दस्तऐवज तपासायला सुरुवात झाली, तेव्हापासून घराघरांतल्या पेट्या उघडल्या आहेत. कागदावरची उर्दू वाचता येते, पण तारखेपाशी सगळे अडतात. '१५ आजुर १३५२ फसली' म्हणजे नेमके कधी?

हिशेब सोपा आहे. हैदराबाद संस्थानात फसली साल ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचे. पहिला महिना आजुर, मग दै, बहमन, इस्फंदार अशी फारसी नावे. फसली सालात ५९० मिळवले की ते साल ज्या ऑक्टोबरात सुरू झाले तो इसवी सन निघतो. म्हणजे वरची तारीख १९४२ च्या ऑक्टोबरातली, २० तारखेच्या आसपासची.

आपले हिजरी साल चांद्र. ते दरवर्षी साधारण ११ दिवसांनी मागे सरकते. पीक मात्र सूर्याच्या चालीने येते. मग शेतसारा कोणत्या महिन्यात मागायचा? या अडचणीतून अकबराच्या काळात फसली कालगणना निघाली आणि शहाजहानच्या काळात ती दख्खनमध्ये आली. फसल म्हणजे पीक. निजामाच्या राज्यात असताना आपल्या परभणी जिल्ह्याचे सरकारी वर्ष असे ऐन शरदात सुरू व्हायचे, आणि त्या वर्षाच्या दफ्तरात शेत, पीक, सारा, बाकी सगळे लिहिले जायचे.

त्याच दिवसांत आणखी एक वर्ष सुरू व्हायचे. ते कोणी लिहिले नाही. ते घरामागच्या परसातले.

हस्ताचा पाऊस सरला की काळी माती वाफशावर येते. मग मोरीच्या पाण्यावर मेथी, पालक, मुळा, कोथिंबिरीचे छोटे वाफे. वांग्याची चार रोपे, मिरचीची चार. दोडक्याचा वेल उतरत आलेला, वालाचा चढत असलेला. भेंडीच्या शेवटच्या दोन-तीन शेंगा तोडायच्या नाहीत, झाडावरच वाळू द्यायच्या. पुढच्या सालाचे बी त्यातच असते. पावसाळ्यात ओलीमुळे कोंबड्यांची पिल्ले जगत नाहीत, म्हणून अंडी बसवायची ती आता. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी, २१ दिवसांचा हिशेब, आणि रात्री मांजर-मुंगसापासून राखण्यासाठी वरून डालगे. दिवस लहान होत जातात तसे कोंबड्यांचे अंडे कमी होते, जुनी पिसे झडतात. हे आमच्या दादीला कोणत्या पुस्तकाने शिकवले नव्हते.

भाषेच्या मास्तरणीला यात आणखी एक गंमत दिसते. मराठीत खुडूक, उर्दूत कुड़क. मराठीत कोथिंबीर, आमच्या दखनीत कोतमीर. तरकारी हा शब्द फारसीतून आलेला, पण तो दोन्हीकडे चालतो. दोन घरांमधल्या कुंपणावरून बी, विरजण आणि खुडूक कोंबडी जशी इकडून तिकडे जायची, तसेच हे शब्दही गेले.

या परसाचे पैसे बाईच्या हातात राहायचे. जमीन पुरुषाच्या नावावर, ज्वारी-कापसाचा पैसा पुरुषाच्या खिशात. अंड्यांचे पैसे मात्र डब्यात. त्यातून पाटी-पेन्सिल आली, दवाखान्याची फी गेली, ईदला मुलीला बांगड्या मिळाल्या. १९७२ च्या दुष्काळात अंगावरचे आधी विकले की कोंबड्या आधी विकल्या, हे ज्यांना ठाऊक होते त्या बायका आता फार उरल्या नाहीत.

त्याच १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथून 'परभणी क्रांती' ही भेंडी बाहेर पडली. तेव्हा पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या केवडा रोगाने भेंडीची पाने पिवळी पडत होती. पुसा सावनी या गाजलेल्या वाणाचा एका रानटी भेंडीशी संकर करून त्या रोगाला टिकणारा हा वाण तयार केला गेला. आपल्या गावाचे नाव देशभरच्या परसांत पोहोचले ते असे. या भेंडीला इतिहास आहे, कारण तो लिहिला गेला.

कोंबड्यांची नोंद बहुधा संकटात होते. मानमोडीला शास्त्रात राणीखेत नाव मिळाले, कारण १९२० च्या दशकात आपल्या देशात ती कुमाऊंतल्या त्या गावी ओळखली गेली. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आठ-नऊशे कोंबड्या दगावल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचे सांगितले, आणि एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारण्याचा आदेश निघाला. रोग पसरू नये म्हणून ते करावेच लागते. पण या नियमात शेडमधली कोंबडी आणि डालग्याखालची कोंबडी एकच असते. एका घराचा तो धंदा असतो, दुसऱ्या घरातल्या बाईची ती सगळी शिल्लक असते.

परस संपला असे आपण शहरात राहून म्हणतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातली कोंबडी-बदके सुमारे ३१.७ कोटी भरली, २०१२ पेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त. म्हणजे परस आहे. डब्यातल्या पैशाचा हिशेब तेवढा कुठल्या रकान्यात बसत नाही.

आपल्या समाजाचा इतिहास म्हटले की आपण दर्गे, किल्ले, नवाब आणि १९४८ एवढ्यावर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण घरात नानी-दादी असेल तर या ऑक्टोबरात तिच्याजवळ वही घेऊन बसा. परसात काय लावायचीस, बी कोणाकडून आणलेस, अंडे केवढ्याला जायचे, त्या पैशातून काय घेतलेस, एवढे चार प्रश्न विचारा. तिला सन आठवणार नाही. दुष्काळाच्या आधी की नंतर, थोरल्याच्या लग्नाआधी की नंतर, असे विचारा, ती बरोबर सांगेल. जे सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवा आणि वर तिचे पूर्ण नाव लिहा.