जाळायचा राहून गेलेला ड्रॅक्युला

दोन-तीन वर्षांतून एकदा, एखाद्या शनिवारी रात्री मी 'नोस्फेरातू' पुन्हा लावतो. १९२२ चा जर्मन मूकपट. हॉररच्या नावाखाली दर पाच मिनिटांनी दचकवणाऱ्या सिनेमांना सरावलेले मित्र सोबत असले, तर पहिल्या वीस मिनिटांतच त्यांचे मोबाईल बाहेर येतात. "अरे, काहीतरी घडू दे की," वगैरे सुरू होतं. मी गप्प बसतो. कारण शेवटाकडे तो जिना येणार असतो. पडद्यावर माणूस नाही, नुसती सावली. वाकलेली पाठ, लांबलचक बोटं, भिंतीवरून हळूहळू वर सरकणारी. मग त्या हाताची सावली एका बाईच्या छातीवर येते आणि मूठ आवळली जाते. एव्हाना खोलीत कुणाच्याच हातात मोबाईल नसतो.

शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी हे चालतं. मला विचाराल तर ह्याहून नवलाची गोष्ट वेगळीच आहे. कायद्याप्रमाणे पाहिलं तर हा चित्रपट आज आपल्याला दिसायलाच नको होता! १९२५ मध्ये जर्मन कोर्टाने त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला होता.

सुरुवातीपासून सांगतो. ब्रॅम स्टोकर हा आयरिश गृहस्थ लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक. हेन्री आयर्विंग ह्या त्या काळच्या बड्या नटाचा सगळा कारभार तो सांभाळायचा. हिशेब, पत्रव्यवहार, दौरे, सगळं. म्हणजे आपल्यासारखाच नोकरदार, उरल्यासुरल्या वेळात लिहिणारा. त्याची 'ड्रॅक्युला' आली १८९७ मध्ये. १९१२ मध्ये तो गेला आणि कादंबरीचे हक्क त्याच्या बायकोकडे, फ्लॉरेन्सकडे आले.

इकडे बर्लिनमध्ये १९२१ मध्ये आल्बिन ग्राऊ आणि एन्रिको डीकमान ह्या दोघांनी एक कंपनी काढली. नाव 'प्राना'. होय, आपला संस्कृतमधला प्राणच! ग्राऊ चित्रकार होता आणि गूढविद्येच्या नादातलाही. कंपनीचा पहिलाच चित्रपट ड्रॅक्युलावर करायचं ठरलं. पटकथा हेन्रिक गालेनची, दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. फक्त एक बारीकशी गोष्ट राहिली. हक्क विकत घ्यायचे राहिले.

मग नावं बदलली. ड्रॅक्युलाचा झाला काउंट ऑर्लॉक, जोनाथन हार्करचा हुटर, मीनाची एलेन. लंडनऐवजी विसबोर्ग नावाचं काल्पनिक जर्मन गाव आलं, ज्याचं बरंचसं चित्रण विस्मार आणि ल्युबेकमध्ये झालं. एवढा सगळा बंदोबस्त करून झाल्यावर ह्या सज्जनांनी चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्यांत काय लिहावं? तर, ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वरून! दुसऱ्याचा कोड ढापून वर कॉमेंटमध्ये मूळ लेखकाचे आभार मानावेत, त्यातला प्रकार.

४ मार्च १९२२ ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मार्बल हॉलमध्ये मोठ्या थाटात पहिला खेळ झाला. बातमी फ्लॉरेन्सबाईंपर्यंत पोचली. त्यांनी ब्रिटिश लेखकांच्या संघटनेचं सभासदत्व घेतलं आणि संघटनेमार्फत दावा लावला. पण तोवर 'प्राना'चं दिवाळं वाजलं होतं. पहिल्याच चित्रपटात प्राण गेला म्हणायचा. वसूल करायला पैसेच नाहीत म्हटल्यावर बाईंनी दुसरी मागणी लावून धरली, की मग चित्रपटच नष्ट करा. जुलै १९२५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

इथे आपण चित्रपटवेडे लोक फ्लॉरेन्सबाईंना खलनायिका करून मोकळे होतो. मीही अनेक वर्षं केलं. पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. नवरा गेलेला, त्याच्या पुस्तकांपैकी जिच्यावर काही पैसे मिळतील अशी ही एकच कादंबरी, आणि एक परदेशी कंपनी न विचारता, एक छदाम न देता तीवर चित्रपट काढून मोकळी होते. लोकांनी लिहिलेल्या गोष्टी फुकट उचलू नयेत असं मी तरी मानतो, कारण माझं स्वतःचं पोट लिहिलेल्या गोष्टींवरच चालतं. बाई बरोबर होत्या. आणि त्यांचं ऐकलं गेलं असतं, तर जगातला एक थोर भयपट राख झाला असता. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

चित्रपट वाचला, तो प्रती आधीच देशाबाहेर गेल्या होत्या म्हणून. १९२९ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये चक्क दाखवला गेला. एक रंग दिलेली १९२२ ची प्रत, फ्रेंच पाट्यांसकट, पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेझमध्ये होती. २००५-०६ मध्ये 'नोस्फेरातू'ची जी डागडुजी झाली, तिचा मुख्य आधार हीच प्रत. आज आपण रात्रीची दृश्यं निळसर आणि दिवसाची पिवळसर बघतो, ती तिच्यामुळे.

आता ह्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो. १९२७ मध्ये हॉलिवूडच्या एमजीएमने 'लंडन आफ्टर मिडनाइट' काढला. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग, आणि उंच टोपी, टोकदार दात आणि वटारलेल्या डोळ्यांनी फिरणारा लॉन चेनी. ह्याच्यावर ना दावा, ना बंदी. मालक भक्कम, तिजोरीसारखं गोदाम. त्या गोदामाला १९६५ मध्ये आग लागली आणि त्यात शेवटची ठाऊक असलेली प्रत गेली. जुनी फिल्म नायट्रेटची, ती भडकली की विझवणं जवळपास अशक्य. आता उरलीत ती फक्त स्थिरचित्रं. हॉररवेडे ती चित्रं बघत अजून उसासे टाकतात. २००२ मध्ये एका अमेरिकन वाहिनीने ती ओळीने लावून चित्रपटाची आठवण तेवढी उभी केली.

म्हणजे ज्याला जाळायचा हुकूम होता तो जगला, आणि ज्याला जपायला अख्खी कंपनी होती तो जळाला. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात की एकाच ठिकाणी ठेवलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणत नाहीत. ते मला खऱ्या अर्थाने पटलं ते ह्या दोन चित्रपटांमुळे. आणि आपल्याला फार लांब जायलाही नको. 'ड्रॅक्युला' हा बोलपट न्यूयॉर्कमध्ये १२ फेब्रुवारी १९३१ ला लागला, आणि जेमतेम महिन्याभराने, १४ मार्चला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा'. 'ड्रॅक्युला' मी हवा तेव्हा बघू शकतो. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

बरं, ह्या प्रतींच्या भानगडीत आणखी एक गंमत आहे. प्रत निघताना ती जशीच्या तशी कधीच निघत नाही.

समजा, कुणालाही विचारलं की व्हॅम्पायर कशाने मरतो, तर पहिलं उत्तर येईल, उन्हाने. स्टोकरच्या कादंबरीत हे नाहीच! तिथे ड्रॅक्युला भर दिवसा लंडनमध्ये हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी झालेली असते. आणि तो मरतो तो चक्क सुऱ्यांनी. एक घाव गळ्यावर, तोही गुरख्यांच्या कुकरीचा, आणि दुसऱ्याची सुरी छातीत. सकाळच्या उन्हात व्हॅम्पायर विरून जातो हे पडद्यावर आणलं 'नोस्फेरातू'ने. चोरलेल्या प्रतीत केलेला बदल, आणि आज जग त्यालाच मूळ समजतं.

काळा झगा आणि उभी कॉलर? तो रंगभूमीचा ऐवज. १९२४ मध्ये हॅमिल्टन डीनने इंग्लंडमध्ये ड्रॅक्युलाचं नाटक केलं, तेव्हा हा राक्षस दिवाणखान्यात येऊन बसेल असा सभ्य माणूस करावा लागला. आणि प्रेक्षकांकडे पाठ केली की मोठ्या कॉलरीआड नटाचं डोकं झाकतं, त्यामुळे त्याला गुपचूप नाहीसं होता येतं. म्हणजे मुळात ती जादूच्या प्रयोगातली सोय! ते नाटक १९२७ मध्ये ब्रॉडवेवर गेलं आणि तिथे काउंट झाला बेला लुगोसी नावाचा हंगेरियन नट. इंग्रजी बोलताना प्रत्येक शब्द चाखत, लांबवत बोलणारा. ती ढब पुढे इतकी चिकटली की आजही लहान मुलं ड्रॅक्युलाची नक्कल करतात ती खरं म्हणजे लुगोसीची.

ह्या वेळी युनिव्हर्सल स्टुडिओने शहाणपणा केला. ४०,००० डॉलर मोजून रीतसर हक्क घेतले आणि १९३१ चा तो चित्रपट काढला. दिग्दर्शक पुन्हा टॉड ब्राउनिंगच. दिवसा इंग्रजी चित्रीकरण आणि रात्री त्याच सेटवर दुसऱ्या नटसंचाला घेऊन स्पॅनिश आवृत्ती. पुष्कळ जाणकारांना ती रात्रपाळीची आवृत्ती कॅमेऱ्याच्या दृष्टीने सरस वाटते, आणि मलाही.

पण ह्या कायदेशीर चित्रपटातच एक पुरावा सापडतो. कादंबरीत हार्कर दाढी करताना कापून घेतो आणि रक्त बघून काउंट चवताळतो. 'नोस्फेरातू'त हुटर जेवताना पाव कापायला जातो आणि सुरी अंगठ्याला लागते. आणि १९३१ च्या 'ड्रॅक्युला'त? रेनफिल्डच्या बोटाला कागदांची क्लिप टोचते. दाढी गेली, बोट आलं. परीक्षेत दोन पोरांचं एकच चुकलेलं उत्तर सापडलं की मास्तर काय समजायचं ते समजतात. माझा अंदाज असा की युनिव्हर्सलमध्ये कुणीतरी तो नष्ट करायचा चित्रपट नीट बघितला होता. म्हणजे बेकायदा प्रतीचा अंश कायदेशीर प्रतीत शिरला, आणि त्यासाठी पैसे मिळाले ते नाटककारांना आणि खुद्द फ्लॉरेन्सबाईंना!

लुगोसी १९५६ मध्ये गेला. त्याला पुरलं ते ड्रॅक्युलाच्या झग्यातच. दोनच वर्षांनी इंग्लंडच्या हॅमर कंपनीने क्रिस्टोफर लीला उभं केलं. लुगोसीचे सुळे कधी दिसले नव्हते, लीचे दिसले, ओठांवर लालभडक रक्त आलं, आणि तेही रंगीत. ब्रिटिश सेन्सॉरने शेवटचा काही भाग कापला होता, ज्यात ली उन्हात स्वतःचा चेहरा ओरबाडतो. पन्नासेक वर्षं तो भाग केवळ दंतकथेत होता. २०११ मध्ये तो सापडला टोकियोच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात, जपानसाठी पाठवलेल्या प्रतीत. २०१३ च्या ब्लू-रेवर तो परत आला. पुन्हा तेच. घरचं गेलं, लांब पाठवलेलं राहिलं.

तर ऊन १९२२ चं, झगा १९२४ चा, बोलण्याची ढब लुगोसीची, रक्ताचा लाल रंग १९५८ चा. आपल्या डोक्यातला 'परंपरागत' व्हॅम्पायर हा असा, प्रत्येक नक्कल करणाऱ्याने एकेक चूक किंवा युक्ती मागे ठेवत तयार केलेला आहे. मला वाटतं, हॉररच्या चाहत्यांना हे जुने चित्रपट सोडवत नाहीत ते ह्यामुळेच. १९७९ मध्ये हेर्झोगने, २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्सने 'नोस्फेरातू' पुन्हा केला, तेव्हा आम्ही भीती वाटावी म्हणून गेलो हे खरं, पण ह्याने काय ठेवलं आणि काय बदललं हे बघायला जास्त गेलो. रामायण कसं संपतं हे माहीत असूनही माणूस कीर्तनाला जातोच की.

माझंच बघा ना. व्हॅम्पायर मला पहिल्यांदा भेटला तो पडद्यावर नाहीच, नारायण धारपांच्या 'लुचाई'त. शाळेत असताना, पांघरुणात, टॉर्च लावून. ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली, आणि 'सेलम्स लॉट' स्वतः स्टोकरच्या ऋणात. तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी खिडकी लावून घ्यायला उठलो असतोच.

फ्लॉरेन्स स्टोकर १९३७ मध्ये वारल्या. कादंबरीचे ब्रिटनमधले हक्क १९६२ मध्ये संपले. आता ऑर्लॉककडे कुणाची थकबाकी नाही. तरीही चित्रपट लावला की सुरुवातीच्या पाटीवर स्टोकरचं नाव येतं, आणि हल्ली मी तिथे जरा थांबतो. ते नाव वाचून एका बाईने कोर्टाची पायरी चढली होती, ती बरोबर होती, आणि ती पूर्णपणे जिंकली नाही म्हणून मी हे बघतोय.

असो. साधारण दीड तासाचा चित्रपट आहे. दिवे घालवा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि पहिली वीस मिनिटं कळ काढा. जिना येतोच.