कुंभारजुव्याची खाडी : तट आणि वाट

काही वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथालयाच्या सभासदांची एक सहल जुन्या गोव्याच्या धक्क्यापासून निघाली होती. वास्को द गामाच्या पणतूने, विसरेई फ्रान्सिस्कु द गामाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेली व 1954 मध्ये पुन्हा बांधली गेलेली कमान सर्वांनी कौतुकाने पाहिली. पुढे फोंड्याच्या वाटेवर बाणस्तारीच्या पुलावर आम्ही थांबलो, तेव्हा माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, येथे पाहण्यासारखे काय आहे?" खाली संथ पाणी, काठाला खारफुटी आणि दूर एक होडी, एवढेच दिसत होते. त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा अपुरे राहिले. ते येथे देत आहे.

नकाशांत या पाण्याला 'कालवा' म्हटले असले तरी हा खणलेला पाट नव्हे. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारी ही सुमारे 15 किलोमीटर लांबीची नैसर्गिक खाडी असून दोन्ही मुखांनी तिच्यात भरतीचे पाणी शिरते. हिच्यामुळेच तिसवाडी हे बेट झाले.

बेट राखायचे तर पाण्याचे उतार राखावे लागतात. 1510 मध्ये आल्बुकर्कने गोवे जिंकले. परंतु बाणस्तारीचा उतार आदिलशाही सरदार रसूलखानाच्या हाती असेपर्यंत ते निर्धोक नव्हते. 1512 मध्ये आल्बुकर्कने बाणस्तारीचा कोट घेतला, तेव्हाच शहराची पूर्व बाजू सुरक्षित झाली. पुढे बाणस्तारी, गवंडाळी अशा उतारांवर चौक्या बसल्या. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ही खाडी म्हणजे पाण्याचा तट होता.

प्रजेच्या दृष्टीने मात्र पाणी ही वाट होती. 1540 नंतर तिसवाडीतील आणि 1560 च्या दशकात साष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी आपली दैवते पाण्यापलीकडे नेली. कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. चोडणचा देवकीकृष्ण फिरत फिरत माशेलास स्थिरावला. दिवाडीचा सप्तकोटीश्वर मांडवीपलीकडे डिचोलीतील नार्व्यास गेला आणि 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. माशेलची शांतादुर्गा आजही 'कुंभारजुवेकरीण' म्हणवते. गाव सुटले, पण देवीच्या नावातून ते सुटले नाही.

हा तट अभेद्य नव्हता. नोव्हेंबर 1683 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने कुंभारजुव्याशेजारचे जुवे बेट रात्रीच्या अंधारात घेतले. ते परत घेण्यास गेलेल्या विसरेई कोंदी द आल्व्होरला माघार घ्यावी लागली. भरतीच्या पाण्यात घोडा घातलेल्या संभाजीराजांना खंडो बल्लाळांनी वाचविले, असे आपली परंपरा सांगते. एकाच पाण्याने त्या वेळी दोघांचीही परीक्षा पाहिली. पुढे 1763 मध्ये फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला, दोन्ही तीर एकाच सत्तेखाली आले आणि सीमा म्हणून खाडीचे महत्त्व संपले.

परंतु या काठाचा सर्वांत जुना इतिहास चौक्यांचा नसून बांधांचा आहे. खारे पाणी अडवून खाजन शेती उभी करणारे बांध आणि त्यांतील मानस ही गावकऱ्यांची निर्मिती होय. मानसीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला शेतातील पाणी बाहेर सोडण्यासाठी उघडतात. येथे कोरगूट हे क्षार सोसणारे भात पिकते. गावकरी संस्थांचे रीतिरिवाज पोर्तुगीजांना 1526 मध्ये लिहून घ्यावे लागले, यावरूनच ती व्यवस्था त्यांच्या आधीची होती हे उघड आहे. या परिसरातील काही खाजनांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. खाडीत सुसरी-मगरी आहेत, त्यामुळे ही पूजा केवळ कल्पनेतून आलेली नाही. गणेशोत्सवात सातव्या दिवशी कुंभारजुव्यात होड्या जोडून सजविलेले सांगोड याच पाण्यावर निघतात.

कमानीवर शिलालेख आहे, बांधावर नाही. पावसाळ्यात आग्वादचे मुख वाळूच्या दांड्यामुळे बंद होई, तेव्हा खनिजाच्या बार्जी याच खाडीने मुरगावास जात, आणि त्यांच्या लाटांनी बांध खचतात ही शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. बांध फुटला की खारे पाणी शिरते, शेत पडीक पडते, आणि मानस कशी बसवावी हे जाणणारा हातही हळूहळू नाहीसा होतो. देवळांचे स्थलांतर आपण ग्रंथांत नोंदविले. बांधांचे शास्त्र मात्र बहुतांशी तोंडीच राहिले.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने सभासदांस एक विनंती करावीशी वाटते. आपल्या घरी कोणी वृद्ध आप्त खाजन, मानस, उतार किंवा देवाच्या स्थलांतराविषयी काही सांगत असतील, तर ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे व त्याची एक प्रत ग्रंथालयास द्यावी. आपल्या पूर्वजांनी पाण्यापलीकडे मूर्ती नेल्या. आपल्याला निदान या आठवणी कपाटापर्यंत पोहोचविता येतील. पुढील सहलीत त्या विद्यार्थ्याच्या वयाचे कोणी पुलावर उभे राहून तोच प्रश्न विचारील, तेव्हा उत्तर आपल्याच ग्रंथालयात असावे.