रस्त्यावर राहिलेला माणूस

१८३८ साली पॅरिसमध्ये दागेर या चित्रकाराने आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. बुलव्हार द्यु तांप्ल हा तो रस्ता, नाटकगृहांचा आणि सदा गजबजलेला. आता गंमत पाहा. चित्रात घरे आहेत, धुराडी आहेत, झाडांच्या रांगा आहेत. पण गाड्याघोडे आणि माणसे यांचा पत्ता नाही! भर दिवसा शहर ओस पडले होते की काय?

तसे नव्हे. दागेरच्या चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. चालता माणूस एका जागी क्षणभरच असे. तेवढ्या प्रकाशाने त्याची खूण उठत नसे. एक गृहस्थ मात्र बूट पुसून घेण्यासाठी पाय टेकून उभा राहिला, म्हणून तो चित्रात राहिला. छायाचित्रात सापडलेल्या अगदी पहिल्या माणसांत त्याची गणना होते. नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.

पुढे १८५१ मध्ये आर्चरने ओल्या काचेची रीत काढली आणि मिनिटांचे सेकंद झाले. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. त्या काळी शटर कुठले? भिंगावरचे टोपण काढायचे, मनात आकडे मोजायचे, टोपण पुन्हा लावायचे. काच वाळण्याच्या आत सगळे उरकायचे, तेही मुंबईच्या उकाड्यात! १८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखवली. काचा इतक्या जलद झाल्या की हाताने टोपण काढणे जमेना. तेव्हा शटरवाचून गत्यंतर उरले नाही.

आता आपला कॅमेरा हातात घ्या. नवशिक्याला हटकून चकवतो तो छिद्राचा आकडा. आकडा मोठा तर छिद्र लहान, हे काय गौडबंगाल? अहो, तो भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ २ म्हणजे छिद्र २५ मिलिमीटर, एफ ८ म्हणजे जेमतेम ६. एफ ८ ला १/१२५ सेकंद, एफ ५.६ ला १/२५० किंवा एफ १६ ला १/३० ठेवा, प्रकाश सारखाच. मोठ्या आचेवर थोडा वेळ किंवा मंद आचेवर जास्त वेळ, भात शिजतोच. पण चव एकच असते का, हे घरात विचारून पाहा!

मोबाईल हा हिशेब स्वतःच करतो, आणि बरा करतो. चालत्यांना थोपवायचे की पुसून टाकायचे, हे मात्र त्याने आपल्याला न विचारताच ठरवलेले असते. म्हणून एकदा संध्याकाळी एस. टी. स्टँडसमोर कॅमेरा तिपाईवर ठेवा, छिद्र अगदी लहान करा आणि शटर दोन सेकंद उघडे ठेवा. गाडीची वाट पाहत बसलेले कोण कोण चित्रात राहतात ते बघा.