कौलावरचे साल

गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या सेंट जॉर्ज रीफवर बुडी मारली, तेव्हा पाणी उथळ असूनही गढूळ होते. खडकाच्या कपारीत एक सरळ कड दिसली. जवळ गेलो तर मंगळुरी कौल! आमच्या घरावर होते तसेच.

दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना इथे छपराची आणि आढ्याची कौले, विटा, पोकळ खांबांचे तुकडे, नळ, एक सिंह, कोरिंथियन धाटणीचे स्तंभशीर्ष असे बरेच काही सापडले. सारे भाजक्या मातीचे. एका फरशीवर ठसा होता : 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५'.

म्हणजे गलबत १८६५ साली बुडाले? हा घोटाळा मी स्वतः केलेला आहे. घरच्या कौलावर हेच साल वाचून 'आमचे घर १८६५ चे' असे एका लेखात ठोकून दिले. पुढे पणजोबांचे खरेदीखत हाती आले, तर जमीनच १९०२ साली घेतलेली! १८६५ हे मंगळूरला जॉर्ज प्लेब्स्ट यांनी कौलांचा कारखाना काढल्याचे साल. ते पुढे कित्येक दशके मालावर उमटत राहिले. त्यावरून एवढेच ठरते की, बुडणे त्याआधीचे नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणून अलीकडची मर्यादा मी साधारण तिथे धरतो. जुना साठा नंतर कुणी वाहिला असेल, ही शक्यता ठेवूनच.

गलबताचा सांगाडा मिळाला नाही, नांगरही नाही. लाकूड समुद्रातले किडे पोखरतात, भाजलेली माती तेवढी उरते. माझ्या मते ही मंगळूरहून उत्तरेला निघालेली एखादी फत्तेमारी असावी. गोव्याच्याच सुंची रीफवरच्या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाबद्दल लोक कुतूहलाने विचारतात, कारण तिथे हस्तिदंत मिळाले. कौले वाहणाऱ्या खलाशांबद्दल मला आजवर कुणी विचारलेले नाही.

माल रचलेला राहिला की एका अंगाला सांडला, यावरून गलबत सरळ बसले की कलंडले याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी तुकडे जागचे हलता कामा नयेत. माझ्याबरोबरच्या पाणबुड्याने आठवण म्हणून एक तुकडा उचललाच. मी हातानेच 'नको' म्हटले. त्याने तो निमूटपणे खाली ठेवला. पण उचलला होता तिथे नव्हे.